मात्रा वीस, अक्षरं बारा, तरी ओळ लंगडते का?

तळ्याकाठची
वृत्तात लिहू पाहणाऱ्या नव्यांसाठी एक टिपण करतेय. त्यांना 'अक्षरं मोजा, मात्रा मोजा' एवढं सांगितलं की पुरतं, असं माझं मत होतं. खालच्या दोन ओळींनी ते डळमळलंय. वृत्त भुजंगप्रयात धरलंय.

उन्हाळा जसा पेटला सोलापुरी
जिथे भाजते भाकरी सावलीही

दोन्ही ओळींत अक्षरं १२, मात्रा २०. दुसरी मनाच्या श्लोकांच्या चालीत सरळ जाते, पहिली शेवटी अडखळते. हिशोब चुकलाय का? आणि नव्यांना आधी काय शिकवावं, मात्रा की गण?

कडकभाकरी
सावलीसुद्धा भाकरी भाजते म्हणजे एप्रिलच. मे मध्ये सावलीच भाजून निघते.

लघुगुरू
हिशोब बरोबर आहे, मांडणी चुकली आहे. ओळीचे शब्द विसरा आणि तीन-तीन अक्षरं तोडा. असा तीन अक्षरांचा तुकडा म्हणजे गण. ल म्हणजे लघु (आखूड, एक मात्रा), गा म्हणजे गुरू (लांब, दोन मात्रा).

उ-न्हा-ळा : ल गा गा
ज-सा-पे : ल गा गा
ट-ला-सो : ल गा गा
ला-पु-री : गा ल गा

भुजंगप्रयात म्हणजे चार य-गण, चारही वेळा लगागा. तुमचा चौथा गण र झालाय, गालगा. य आणि र दोन्ही तीन अक्षरांचे, दोन्ही पाच मात्रांचे. त-गणही (गागाल) पाचाचाच. हे तिघं एकमेकांच्या जागी बसले तर बेरीज तशीच राहते आणि मोजणाऱ्याला पत्ता लागत नाही. भ (गालल), ज (लगाल), स (ललगा) यांचंही तेच, तिघंही चार मात्रांचे. न (ललल) तीनाचा आणि म (गागागा) सहाचा असल्यामुळे ते घुसले तर लगेच पकडले जातात.

गंमत म्हणजे चार र-गण ओळीने आले की स्रग्विणी होतं. तिथेही १२ अक्षरं आणि २० मात्राच. म्हणजे तुमची ओळ पाऊण भुजंगप्रयात आणि पाव स्रग्विणी आहे.

अडाणी_वाचक
उन्हाळ्यातला 'उ' लघु कसा? पुढे जोडाक्षर आहे की. शाळेत सांगितलेलं, जोडाक्षराच्या आधीचं अक्षर गुरू.

लघुगुरू
शाळेतला नियम अर्धा आहे. जोडाक्षराचा आघात मागच्या अक्षरावर पडला तरच ते गुरू होतं. 'भव्य' म्हणा, 'भ'वर जीभ दाबली जाते, म्हणून भ गुरू. 'तव्यावर' म्हणा, 'त' हलका सुटतो, म्हणून त लघु. जोडाक्षर दोन्हीकडे 'व्य'च आहे. तुझ्या, पुन्हा, तुम्ही, दुसऱ्या, कुऱ्हाड, उन्हाळा या सगळ्यांत आघात नाही. न्ह, म्ह, ल्ह, ऱ्ह आणि सामान्यरूपातला 'या' (तवा-तव्या, उभा-उभ्या) दिसला की आधी मोठ्याने म्हणायचं, मग खूण करायची. डोळ्यांनी मोजणाऱ्याची इथेच फसगत होते.

जोडाक्षर शब्दाच्या सुरुवातीला असेल (ज्वारी, प्रेम) तर मागच्या शब्दाचं शेवटचं अक्षर मराठीत सहसा लघुच राहतं. संस्कृत श्लोकात ते गुरू होतं. जुन्या पंडिती कवितेत दोन्ही प्रकार सापडतात.

रदीफ
गण-बिण कशाला? 'यमाताराजभानसलगं' हे गणांचं सूत्र पाठ करण्यात दोन दिवस जातात आणि मुलं पळतात. लगावली द्या, म्हणजे नुसता ल-गा चा क्रम. भुजंगप्रयात = लगागा चार वेळा. व्योमगंगा = गालगागा चार वेळा. आनंदकंद = गागालगा लगागा, दोनदा. गझल लिहिणारे सगळे असंच चालवतात.

लघुगुरू
समान तुकड्यांच्या वृत्ताला लगावली उत्तम. पण शार्दूलविक्रीडिताची १९ अक्षरं 'गागागाललगालगालललगागागालगागालगा' अशी पाठ करून दाखवा. म स ज स त त ग हे सात तुकडे त्याहून सोपे. आधी लगावली, मोठ्या वृत्तांपाशी गण, एवढी तडजोड मला मान्य आहे.

पूर्वभाग
मूळ ओळीवर एक. 'सोलापूर' हा शब्दच भुजंगप्रयाताला परका आहे. सो-ला-पू-र म्हणजे गागागाल. या वृत्तात सलग तीन गुरू कुठेच येत नाहीत, त्यामुळे तो कुठूनही बसणार नाही. 'सोलापुरी' मात्र गागालगा. लगागा लगागा या साखळीत गागालगा सापडतं, पण एकाच ठिकाणी, गणाच्या दुसऱ्या अक्षरापासून. ताईंनी शब्द गणाच्या तिसऱ्या अक्षरापासून सुरू केला, म्हणून 'ला' नेमका लघूच्या जागी आला. तो शब्द एक घर मागे ओढा.

गड्ड्यावरचा
हे भारी आहे. मग सगळा जिल्हाच बसवून बघू या का? तालुके अकरा.

बार्शी : गागा, बसतं
माढा : गागा, बसतं
मोहोळ : गागाल, बसतं
करमाळा : ललगागा, नाही
सांगोला : गागागा, नाही
मंगळवेढा : गाललगागा, नाही
अक्कलकोट : गाललगाल, नाही
माळशिरस : गालललल, नाही
पंढरपूर : गाललगाल, नाही
उत्तर आणि दक्षिण सोलापूर : दोन्ही नाही

अकरापैकी तीन. दोन लघु लागोपाठ आले की बाद, तीन गुरू आले की बाद.

चंद्रभागा
पंढरपूर बसत नसेल तर पंढरी घ्या. गालगा, बसतं. आणि 'सिद्धेश्वर' (गागालल) बसत नाही, पण हाक मारून 'सिद्धेश्वरा' केलं की गागालगा. संबोधनाने बरीच नावं वृत्तात येतात.

कडकभाकरी
आणि शेंगाचटणी?

गड्ड्यावरचा
गागाललगा. वृत्ताबाहेर.

कडकभाकरी
मग ते वृत्त आमच्या काय कामाचं?

लघुगुरू
तिच्यासाठी मात्रावृत्त आहे, म्हणजे जाती. पादाकुलक घ्या, ओळीला १६ मात्रा, आठ-आठचे दोन भाग. इथे लघु-गुरूचा क्रम ठरलेला नसतो, आवर्तन भरलं की झालं.

मंगळवेढा | ज्वारी पिकवी
कडक भाकरी | शेंगा चटणी

मं-ग-ळ-वे-ढा २+१+१+२+२ = ८. ज्वा-री-पि-क-वी २+२+१+१+२ = ८. क-ड-क-भा-क-री १+१+१+२+१+२ = ८. शें-गा-च-ट-णी २+२+१+१+२ = ८. भुजंगप्रयाताने हाकललेली मंगळवेढा आणि चटणी दोघंही इथे चपखल. म्हणून 'मात्रा मोजा' हा सल्ला जातीला पुरतो, अक्षरगणवृत्ताला पुरत नाही. मूळ प्रश्नाचं माझं उत्तर हेच.

अडाणी_वाचक
सांगोल्यावर अन्याय झाला.

पूर्वभाग
सांगोल्यासाठी मंदाक्रांता. म भ न त त ग ग, १७ अक्षरं, यती (थांबा) चौथ्या आणि दहाव्या अक्षरानंतर. पहिली चार अक्षरं गुरूच लागतात.

सांगोल्याला | झटपट निघा, | लाल गाडीत जागा

चार गुरू, मग पाच लघु आणि एक गुरू, मग गालगागालगागा. 'सांगोल्याला'पाशी शब्दही संपतो आणि यतीही येते, म्हणून ओळ श्वास घेते. तिथे पाच अक्षरी शब्द टाकला तर शब्दाच्या मधे थांबावं लागेल. तोच यतिभंग. अक्षरं बरोबर असूनही ओळ फुटकी ऐकू येते. भुजंगप्रयातात यतीचा जाच नाही, म्हणून सुरुवात तिथून करावी.

गड्ड्यावरचा
एसटीत जागा मिळाली हीच यातली खरी अतिशयोक्ती.

चंद्रभागा
वृत्ताच्या आधी छंद शिकवा, असं मी म्हणेन. अभंगाला मात्रा नाहीत, लघु-गुरू नाही, फक्त अक्षरं मोजायची. मोठा अभंग ६-६-६-४, दुसऱ्या-तिसऱ्या चरणाला यमक. 'सुंदर ते ध्यान'मधे 'विटेवरी-कटावरी' ही जागा पाहा. लहान अभंग ८-८. जोडाक्षर एकच धरायचं. नाममुद्राही (शेवटी येणारं कवीचं नाव) मापात असते. 'तुका म्हणे' ही चार अक्षरं गेली की सहाच्या चरणात दोनच उरतात, म्हणून पुढे 'माझे', 'आता', 'ऐसे' असे दोन अक्षरी शब्द येतात. मंगळवेढ्याच्या चोखोबांचं 'चोखा म्हणे'सुद्धा चारचंच.

कडकभाकरी
सोलापुरी ऊन । तव्यावर जणू ।
भाकरीचा अणू । भाजतसे ॥

चंद्रभागा
६-६-६-४ अगदी बरोबर. पण 'अणू' यमकासाठी धरून आणलाय, स्वतःच्या पायाने आलेला नाही.

कडकभाकरी
जप्त करून आणलाय. पंचनामा सोबत जोडतो.

पूर्वभाग
यमकावरून आठवलं. आपल्या शहरात तेलुगू आणि कन्नड बोलणारे इतके असताना हे टिपणात यावं. मराठी कान यमक ओळीच्या शेवटी शोधतो. तेलुगू-कन्नड पद्यात प्रास ओळीच्या दुसऱ्या अक्षराला असतो, चारही ओळींत दुसरं व्यंजन एकच. आणि 'यती' हा शब्द जपून वापरा. मराठीत यती म्हणजे थांबा. तेलुगूत यती म्हणजे ओळीचं पहिलं अक्षर आणि पुढच्या ठरावीक जागेवरचं अक्षर यांचा मेळ, म्हणजे थांबा नाही, जुळणी. पूर्व भागातल्या, म्हणजे शहराच्या तेलुगूभाषक वस्तीतल्या, मुलांपुढे 'यती' म्हणालात तर त्यातल्या काहींच्या घरात त्याचा दुसराच अर्थ चालत असेल.

चंद्रभागा
आणि आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांची कन्नड वचनं? बाराव्या शतकातली. त्यांना ना वृत्त ना यमक, पण शेवटी 'कपिलसिद्ध मल्लिकार्जुन' ही मुद्रा. ज्यांना मुक्तछंद कालचा वाटतो त्यांनी सिद्धेश्वर तळ्यापर्यंत एक चक्कर मारावी.

रदीफ
मुक्तछंद आणि गद्याच्या ओळी तोडणं यात फरक आहे, एवढंच त्यावर म्हणतो. मुक्तछंदात चरणाची लांबी मोकळी असते, लय मोकाट नसते. ओळ कुठे तोडली याचं कारण सांगता आलं पाहिजे.

तळ्याकाठची
टिपणात अलंकारही घ्यायचे आहेत. उपमा, रूपक, उत्प्रेक्षा यांत सगळ्यांचा गोंधळ होतो. एकाच विषयावर सगळे दाखवता येतील का?

लघुगुरू
विषय म्हणजे उपमेय धुकं, ज्याची उपमा द्यायची ते उपमान चादर.

'तलावावर चादरीसारखं धुकं' : उपमा. 'सारखं' हा साधर्म्यवाचक शब्द.
'तलावावरची ही धुक्याची चादर' : रूपक. दोन्ही एकच मानली.
'धुकं कसलं, जणू तलावाने ओढलेली चादरच' : उत्प्रेक्षा.
'हे धुकं नव्हे, चादर आहे' : अपन्हुती. उपमेय नाकारलं.
'चादरीहून धुकं मऊ' : व्यतिरेक. उपमेय वरचढ.
'तलाव धुकं ओढून झोपला' : चेतनगुणोक्ती.

'जणू' दिसलं की उत्प्रेक्षा, हा गाईडबुकातला शॉर्टकट. अर्थ पाहावा. उपमेय हेच उपमान असावं अशी कल्पना केली असेल तर उत्प्रेक्षा, नुसतं साम्य दाखवलं असेल तर उपमा. आणि लिहिताना नावं विसरायची. अलंकाराची नावं तपासणीसाठी असतात, स्वयंपाकासाठी नव्हेत.

अडाणी_वाचक
सोलापुरात धुकं, ही अतिशयोक्ती धरायची का?

गड्ड्यावरचा
गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वर यात्रेच्या, दिवसांत पहाटे तळ्यावर या, मग बोलू.

रदीफ
आता मूळ ओळीकडे चला. पूर्वभागांनी 'एक घर मागे' सांगितलं, ते करून पाहिलं:

उन्हे पेटली आज सोलापुराला

ज-सो-ला, पु-रा-ला. लगागा लगागा. बसतं.

लघुगुरू
बसतं, पण 'आज' भरतीचा आहे. उन्हाळ्यात ऊन आजच पेटलं असं थोडंच आहे? आणि 'सोलापुराला पेटली' कानाला खटकतं. भरतीचे शब्द ओळखायची युक्ती सोपी, तो शब्द काढून वाक्य म्हणा. अर्थ जागचा हलला नाही तर तो शब्द मात्रांच्या मजुरीवर आलेला आहे. आज, सारे, हा, ती, रे, ना, जसे, कसे ही नेहमीची मंडळी. ताईंच्या मूळ ओळीतला 'जसा'ही त्यातलाच.

पूर्वभाग
तव्यासारखे ऊन सोलापुराचे

त-व्या-सा, र-खे-ऊ, न-सो-ला, पु-रा-चे. भरती नाही, उपमा आली, आणि पुढच्या भाकरीला तवा मिळाला.

कडकभाकरी
काय ओ, 'सोलापुराचे' असं कोण बोलतं? सोलापूरचं ऊन. चादर सोलापूरची, चटणी सोलापूरची.

पूर्वभाग
आक्षेप रास्त आहे. बोलण्यात 'पूर' दीर्घ ठेवून सरळ प्रत्यय लावतो. पण 'सोलापूरचे' म्हणजे गागागालगा, पुन्हा तीन गुरू. 'सोलापुरात' म्हणताना आपण 'पु' ऱ्हस्व करतोच, त्याच सामान्यरूपाला 'चे' लावलंय. व्याकरण मोडलेलं नाही, वापर थोडा पुस्तकी झालाय. वृत्ताची किंमत ती एवढीच.

तळ्याकाठची
मग 'सोलापुरचे' असं ऱ्हस्व लिहून सूट घेतली तर? सूट कुठवर चालते?

लघुगुरू
'सोलापुरचे' केलंत तर पु आणि र दोन लघु लागोपाठ येतील, भुजंगप्रयात पुन्हा मोडेल. जातीत मात्र चालेल, तिथे ते ८ मात्रांचं होतं.

सुटीचं म्हणाल तर शुद्धलेखनाच्या नियमांतच कवीला ऱ्हस्व-दीर्घापुरतं स्वातंत्र्य दिलेलं आहे. पण कानाला पटेल तिथेच ते वापरावं. 'आणि' उच्चारात 'आणी' होतंच, दीर्घ लिहा, कुणी हरकत घेणार नाही. चरणाच्या शेवटचा लघु गुरू धरणं जुनंच आहे. उलट 'फूल'चं 'फुल', 'दूर'चं 'दुर' केलं की वाचणारा पुन्हा दीर्घच म्हणतो आणि ओळ त्याच्या तोंडात मोडते. सूट कागदावर मिळते, जिभेवर मिळत नाही. आणि समास सांभाळा. 'कवी' लगा, पण 'कविसंमेलन'मधला वि ऱ्हस्व, म्हणजे क-वि दोन्ही लघु. १९६२च्या नियमांनी शेवटचा इ-उ दीर्घ केला, समासातल्या तत्सम शब्दाचा नाही.

रदीफ
पूर्वभागांची ओळ मतल्याच्या (गझलेच्या पहिल्या दोन ओळींच्या) लायकीची आहे. सानी मिसरा, म्हणजे दुसरी ओळ:

न आता नभी लोट काळे धुराचे

न-आ-ता, न-भी-लो, ट-का-ळे, धु-रा-चे. गिरण्यांची धुराडी थंडावली, ऊन तेवढं राहिलं. सोलापुराचे-धुराचे असा मतला बांधला की न बदलणारी अक्षरं 'राचे' आणि त्याआधीचा स्वर उ, ती अलामत. पुढे उराचे, सुराचे, अंकुराचे, कापुराचे, शेंदुराचे चालतील. 'घराचे' चालणार नाही, तिथे अलामत अ आहे. 'मयूराचे' तर दोन्हीकडून गेलं, तत्सम शब्द म्हणून यू दीर्घच राहतो, त्यामुळे अलामत ढळते आणि वृत्तही मोडतं. रदीफ (यमकानंतर जसाच्या तसा येणारा शब्द) नाही, तेव्हा ही गझल गैरमुरद्दफ, म्हणजे रदीफ नसलेली होईल.

अडाणी_वाचक
करतो-मरतो-फिरतो यमक म्हणून चालतं, मग गझलेत का अडवतात?

रदीफ
मतला काय बांधलाय त्यावर आहे. मतल्यात 'करतो-मरतो' असेल तर 'रतो' कायम झालं आणि अलामत म्हणजे क-म मधला अ. मग 'फिरतो'तला इ अडतो. पण मतल्यात 'करतो-हसतो' असेल तर फक्त 'तो' कायम, अलामत र-स मधला अ. तिथे 'फिरतो' सुखाने येतो. मतला घट्ट बांधून नंतर काफिये (यमकाचे शब्द) मिळत नाहीत म्हणून रडणारे फार. पाच-सहा काफिये हाताशी ठेवूनच मतला पक्का करावा.

लघुगुरू
'नभी' मला नको होतं. नभी, वनी, मनी हे शब्द वृत्तात पटकन बसतात म्हणूनच घासून गुळगुळीत झालेत.

रदीफ
पर्याय द्या, बदलतो.

लघुगुरू
शोधतोय. 'आकाशी' गागागा. 'वर' दोन लघु. राहू दे नभी.

तळ्याकाठची
टिपणात क्रम असा लावते: आधी अभंगाची अक्षरं, मग पादाकुलकाच्या मात्रा, मग भुजंगप्रयाताची लगावली, गण शेवटी. प्रत्येक ओळीखाली ल-गा लिहून तीन-तीनचे तुकडे पाडायचे, मग चालीत म्हणायचं, अडखळेल तो तुकडा बदलायचा. माझं 'मोजा' हे मत मागे घेते. आणि कडवं असं झालं, शेवटची ओळ नवी:

तव्यासारखे ऊन सोलापुराचे
न आता नभी लोट काळे धुराचे
जिथे भाजते भाकरी सावलीही
तिथे गोड वाटे मला काहिलीही

पूर्वभाग
ति-थे-गो, ड-वा-टे, म-ला-का, हि-ली-ही. स्वच्छ.

रदीफ
'लीही' जुळलं, पण आधी एकीकडे व आणि दुसरीकडे हि. अलामत...

चंद्रभागा
रदीफभाऊ, गझल नाही ही.

कडकभाकरी
काहिली गोड वाटते म्हणणाऱ्याने दुपारी दोन वाजता पार्क चौकात उभं राहून चारही ओळी म्हणून दाखवाव्यात. यती न घेता.